पोग्याची ओळ

वाफवलेल्या केळीच्या पानाचा वास आला, की धुरपदाबाईचा हात आजही आपोआप मांडीवर जातो. मांडी रिकामी असते. मळ्यातल्या विहिरीवर आता तेलाचं इंजिन आलं आहे. मोटेचं चाक गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलंय आणि त्याच्यावर कोंबड्या चढतात. गावात पिठाची चक्की आली, तशा जात्यावरच्या ओव्याही जात्याबरोबर कोपऱ्यात गेल्या. हाताला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. हात अजून मळ्यातल्या त्या झोपडीत बसलेला आहे, आणि बाहेर केळीची पानं एकमेकांना अंग घासत सळसळताहेत.

मळा पितांबरचा, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या बाजूला त्यांचं गाव. लग्नाला दोन पावसाळे होत नाहीत तोच धुरपदाबाई कपाळ पुसून माहेरी परतली, तेव्हा पितांबर मिसरूडही न फुटलेला, आईबापांविना उरलेला पोर होता. तिनं त्याला वाढवला, त्याचं लग्न लावलं, सुनंदाला सून करून घरात घेतली. घरात आणि गावात सगळे तिला अक्काच म्हणत.

सुनंदाचं पहिलं बाळंतपण ऐन कपाशीच्या वेचणीत आलं. बोंडं फुटून शेत पांढरंशुभ्र झालेलं, घरात माणूस म्हणून शिल्लक नाही. सुईणीनं पोर हातात घेतलं आणि उजेडाकडं वळवून पाहिलं. तिनं पोर धुरपदाबाईकडं दिलं. मुलगी होती. नाक सरळ, केस दाट, रडणं खणखणीत. पण बेंबीच्या खाली कातडी मिटलीच नव्हती. तिथं तळहाताच्या खळग्याएवढं लालभडक, ओलं मांस उघडं पडलं होतं, उकललेल्या डाळिंबासारखं. नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याला पाणी पाझरावं, तसं त्यातून थेंब थेंब मूत्र पाझरत होतं. मूत्राची पिशवी पोटात बंद असायची, ती देवानं बाहेरच उघडी ठेवली होती.

दोन दिवसांची पाहुणी आहे, असं सुईण हळूच म्हणाली आणि हात धुवून गेली. पितांबरनं दारातूनच विचारलं, दारातूनच ऐकलं, आणि तो वेचणीवर निघून गेला. त्यानंतर तो पोरीकडं कपड्यावरून बघायचा, पण कपड्याखाली कधी बघितलं नाही.

पाहुणी मात्र गेली नाही. ती दूध ओढायची, मुठी आवळायची, झोपेत हसायची. तिची फडकी सारखी भिजायची. फडकं त्या मांसाला चिकटायचं, सोडवताना रक्त यायचं आणि पोर निळी पडेतो रडायची. घरभर खारट, आंबूस वास भरला. बाळंतिणीला बघायला आलेल्या बाया उंबऱ्याशीच थांबायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि आम्हाला सर्दी झाली व, म्हणायच्या. सुनंदा भिंतीकडं तोंड करून पोरीला पाजायची.

बारशाला मामा आला. बन्सीलाल त्याचं नाव, जळगावला मेहरूणच्या तळ्याकाठी राहणारा. त्यानं भाचीसाठी दोऱ्यात ओवलेला चांदीचा करदोटा आणला होता. बारशाच्या दिवशी लेकराच्या कमरेला करदोटा बांधायचा ही रीतच. सुनंदानं तो स्वतःच्या हातानं बांधला. त्यावरून झबलं ओढलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिनं पोरीला दोन्ही हातांवर धरून बायांच्या पुढं केली. करदोटा घातलेली पोर चारचौघींच्या पोरींसारखी दिसत होती. नाव ठेवलं प्रमिला. गूळखोबरं वाटलं गेलं. सुनंदा त्या दिवशी जेवली.

दुसऱ्या दिवशी पोर स्तनाला तोंड लावीना. झबलं वर केलं तर करदोट्यानं ओल्या कातडीत चीर पाडली होती, आणि लाल मांसाची खालची कड घासून काळपट झाली होती. सुनंदा ओरडली नाही. तिनं दातांनी करदोट्याची गाठ सोडवायचा प्रयत्न केला, पण भिजलेली गाठ सुटेना. धुरपदाबाईनं पितांबरला गाडी जुंपायला लावली. मेहरूणला बन्सीलालच्या घरी उतरायचं ठरवून नणंद-भावजय पोर घेऊन निघाल्या. तापीच्या पात्रात गाडी उतरली तेव्हा चाकांच्या खाली वाळू करकरत होती, आणि पोर त्या आवाजानं का होईना, गप्प झाली होती.

जळगावच्या दवाखान्यात यशोदाबाई नावाची नर्स होती. धुळ्याजवळच्या देवपूरची, उंच, शिस्तीची, पांढऱ्या लुगड्यावर एक सुरकुती नाही. तिनं बारीक कात्रीनं करदोटा काढला, धुतला, आणि सुनंदाच्या तळहातावर ठेवला. पोर चालायला लागली की पायात वाळे घाला, कमरेला काही नको, एवढंच म्हणाली. सुनंदाला वाटलं होतं ही आता झोडपेल. न झोडपल्यानंच तिला रडू फुटलं.

डॉक्टरांनी पोरीला उलटसुलट तपासलं. असं लेकरू जन्मात एखाद्याच वेळी दिसतं म्हणाले. मुंबईला मोठे सर्जन मूत्राची वाट आतल्या आत वळवतात, पण पोर पाच-सहा वर्षांची व्हायला हवी. तोवर ती जखम चिघळली नाही, वर मूत्रपिंडापर्यंत विषार चढला नाही, तर. त्या ‘तर’पाशी ते थांबले. पुढचं यशोदाबाईनं समजावलं. तिनं पोर मांडीवर घेतली आणि धुरपदाबाईचा हात धरून एकेक गोष्ट करवून घेतली. पाणी उकळायचं, त्यात चिमूट मीठ, मग निववायचं. पुसायचं नाही, वरून थेंब थेंब सोडायचं. भोवतालच्या कातडीला तेल. मांस वाळू द्यायचं नाही, आणि कापड लावायचं नाही, कापूस तर मुळीच नाही. चिकटणार नाही, ओलं राहील आणि उकळता येईल अशा कशानंतरी झाकायचं.

“भाजलेल्या माणसाला आम्ही केळीच्या पानावर निजवतो,” ती म्हणाली. “तुमच्या घरी तर दारात केळी.”

मग ती पोरीच्या कानाशी वाकली. तिची दवाखान्यातली कडक मराठी कुठच्या कुठं गेली.

“बठ्ठं बरं व्हई जाई, माय. रडू नको.”

सगळं बरं होईल, हे धुळ्याकडच्या बोलीत ऐकून सुनंदा डोळे पुसता पुसता हसली. बाळंतपणानंतरचं तिचं ते पहिलं हसू.

घरी आल्यावर धुरपदाबाईनं सुनंदा आणि पोरीसह बिऱ्हाड मळ्यातल्या झोपडीत हलवलं. तिथं उंबऱ्याशी उभ्या राहणाऱ्या बाया नव्हत्या. होता तो राखणदार चुडामण, म्हातारा, कमी बोलणारा, चिलमीशी आणि केळीशी बोलणारा. सगळे त्याला आबा म्हणत. धुरपदाबाई रोज पान आणायची, वाफवायची, तुकडे करून पोरीला लावायची. पण उघडी पानं वाऱ्यानं फाटलेली, धुळीनं भरलेली. कितीही धुतली तरी त्यांच्या जाड शिरा मांसावर वळ उठवायच्या. वळावर टिपका, टिपक्यावर पू. पोर पुन्हा तापली.

केळीच्या पोटातून नवं पान गुंडाळी होऊन सरळ वर येतं, त्याला पोगा म्हणतात. अजून उलगडलेला नसतो, म्हणून त्याला ऊन ठाऊक नसतं, वारा ठाऊक नसतो. आतून मेणासारखा मऊ, फिकट पोपटी, शिरा जेमतेम उमटलेल्या. असंच पान पोरीला हवं होतं. आणि मळ्यात पोग्याला हात लावायचा नाही, हा कायदा होता. देवाच्या नैवेद्यालासुद्धा उघडं पान कापायचं. पोगा खुडला की केळी मागं पडते. त्या साली तर विहीर लवकर खाली गेलेली, मोटेला घटकेघटकेला विसावा द्यावा लागायचा, आणि बाग दीड-दोन महिन्यांत निसवायची होती. घड बाहेर पडायच्या तोंडावर पोगे खुडणं म्हणजे घडच खुडणं.

तरी तिनं एकदा जेवताना विचारून पाहिलं. पितांबरनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

“जिचा उद्याचा भरवसा नही, तिच्यापायी उभी बाग मारू का मी, अक्का?”

तो रागानं बोलला असता तर तिनं भांडण केलं असतं. पण तो फार थकून बोलला. आणि दुसऱ्या दिवशी पितांबर मोटेवर असताना तिनं झोपडीमागचा पहिला पोगा खुडला. हातानं पिरगाळला. पोटरीएवढ्या खोडातून पाणी वाहिलं. ते पाणी पायावर पडलं तेव्हा तिला वाटलं आपण कोणाचा तरी गळा धरला.

त्या दिवशी पोर पहिल्यांदा दुपारभर झोपली. जखमेवर पान आहे की नाही हे तिला कळतही नव्हतं. धुरपदाबाई मांडी हलवत गुणगुणत राहिली:

कवळा पोगा केळीचा, नही लागला त्याले वारा
माह्या लेकराच्या जीवाले, त्याचा झाला गं निवारा

एका पोग्याचे तुकडे दोन दिवस पुरायचे. दर दोन दिवसांनी एक केळ. चुडामणनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तो चिलमीकडं बघत राहिला, तिच्याकडं नाही.

मग एके दुपारी मोट थांबली. पितांबर झोपडीमागून आला, तेव्हा त्याच्या हातात पिरगाळलेल्या पोग्यांचे देठ होते. निंदणीच्या बाया जागेवरच थबकल्या. धुरपदाबाई आत पोरीला पाणी सोडत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. बाहेरचं जनावर आलं की माणूस आला, रात्रीचं राखण करता की झोपता, पितांबर चुडामणला विचारत होता. मग त्याचा आवाज खाली आला, आणि तो वाईट आला.

“डोये गेले का आबा तुमचे, का हात फिरू लागले?”

चुडामणनं उभ्या हयातीत या मळ्यातलं पिकलं केळंसुद्धा विचारल्याशिवाय खाल्लं नव्हतं. बायांच्या समोर तो तसाच उभा राहिला. एकदा झोपडीकडं बघितलं. मग मान खाली घातली.

“लक्ष नही राह्यलं भाऊ. चूक झाली.”

आणि तो वाकून आपली घोंगडी गुंडाळू लागला. घोंगडी, काठी, चिलीम, तेवढाच त्याचा संसार. गुडघे धरून उठताना त्याला दोनदा जमिनीचा आधार घ्यावा लागला.

धुरपदाबाई पोरीला हातावर घेऊन, पाण्याची वाटी धरून बाहेर आली.

“घोंगडी ठेवा आबा,” ती म्हणाली. मग भावाकडं वळली. “पोगे मी खुडले. ये इकडं. तू पाह्यलं नही ना अजून? पाह्य.”

केळीच्या सावलीत ती मांडी घालून बसली. पितांबर आला नाही. ती थांबून राहिली. बाया निंदायच्या विसरल्या होत्या. शेवटी तो आला आणि समोर उकिडवा बसला, जसा वासराच्या जखमेपुढं बसायचा. तिनं झबलं वर केलं. पोपटी पानाचा तुकडा ओल्या मांसावर निजला होता, त्यातून खालचा लाल रंग अंधुक दिसत होता. तिनं वाटीतलं पाणी दोन थेंब सोडलं, बोटाच्या टोकानं पान उचललं. पान आवाज न करता सुटलं. रक्त आलं नाही. आत दोन बारीक जागी थेंब जमले, मोठे झाले, ओघळले. पोर वरच्या पानांतून हलणारं ऊन बघत होती. तिनं बोळकं पसरलं.

पितांबर खूप वेळ बघत राहिला.

“दुखतं का तिले?”

“कापड लागलं का दुखतं. हे लागलं का हासते.”

तो उठला आणि मोटेवर गेला. थोड्या वेळानं चाक पुन्हा कुईकुई करायला लागलं. संध्याकाळी बैल सोडल्यावर तो चुडामणपाशी गेला, त्याच्या हातातली चिलीम घेतली, स्वतः तंबाखू भरली, स्वतः विस्तव ठेवला, आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली. चुडामणनं ओढली.

दुसऱ्या दिवशी झोपडीच्या दाराशी तांब्याभर पाण्यात एक पोगा उभा होता. धारदार विळ्यानं, तिरका, एकाच घावात कापलेला. धुरपदाबाईनं मागं जाऊन केळ पाहिली. जखम स्वच्छ होती, खोड फाटलं नव्हतं. तिच्या पिरगाळण्यापेक्षा केळीलाही ते कमी दुखलं असावं.

मग ते नेहमीचंच झालं. त्या साली झोपडीजवळच्या केळींना वीतभर घड आले, पितांबरनं ते बैलांना घातले. पुढच्या लागवडीला त्यानं केळीचे सगळे मुनवे, म्हणजे बुंध्याची पिल्लं, लावून झाल्यावर पाण्याच्या दांडाच्या कडेनं आणखी एक ओळ लावली आणि ही बागेत धरायची नाही, असं गड्यांना सांगितलं. लोक तिला पोग्याची ओळ म्हणू लागले. येणारे-जाणारे हसायचे, की पितांबर पाटलाची केळी पानं खाते का घड देते. तोही हसायचा. वैशाखात लू सुटली की झोपडीला ओली गोणपाटं टांगायची, पहाटे चूल, तांब्याच्या पातेल्यात पळसाच्या काड्या, काड्यांवर पोग्याचे तुकडे, वर झाकण. वाफ निघाली की तो वास. हिरवा, गोडसर, पहिल्या नांगरटीसारखा. धुरपदाबाईला एकदा हिवताप आला, तेव्हा सुनंदानं न सांगता पातेलं चढवलं. पोरीला पान लावलं आणि पहिल्यांदा त्या लाल मांसाकडं टक लावून बघितलं. त्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून पाजणं संपलं.

पोर चालायला लागली. पायात वाळे वाजू लागले, करदोटा मोडूनच केलेले. तिच्या परकराखाली नेहमी गोणपाटाची घडी, घडीच्या आत पोगा. गावातल्या पोरी तिला ओली पमी म्हणत.

पाच वर्षांची असेल, गावात कोणाच्या तरी घरी लग्न होतं. पंगत बसली. प्रमिला अक्काशेजारी पाटावर बसली, पत्रावळीपुढं हात जोडून. वाढणारी बाई तिच्यापाशी येऊन थांबली. पाटाच्या कडेनं जमीन भिजत चालली होती. बाई वाईट नव्हती. तिनं पोरीला बगलेत धरून हलकेच उठवलं, हिचं घरी देते वाढून, म्हणाली, आणि पाट बाजूला सारला. दोन्ही बाजूंच्या बाया आपापली लुगडी आवरून बसल्या. धुरपदाबाईही उठली. मळ्याच्या बांधावर आल्यावर पोरीनं विचारलं:

“अक्का, मी कोरडी कधी व्हईन?”

त्यानंतर ती पंगतीला गेली की बाहेर पोरांच्या चपला सांभाळत उभी राहायची, कोणी आत बोलावू नये म्हणून.

पुढच्या थंडीत यशोदाबाईनं बन्सीलालकडून निरोप पाठवला. मुंबईचे सर्जन पोरीला बघायला तयार होते. पितांबर आणि सुनंदा तिला घेऊन गेले. धुरपदाबाईला घर, गुरं, बाग सोडवेना, आणि सर्जन काय सांगतील ते समोर बसून ऐकण्याचं बळही तिच्या छातीत नव्हतं. मागं राहिली ती. पहिल्याच पहाटे तिनं चूल पेटवली, पातेलं ठेवलं, आणि तांब्या घेऊन ओळीत जाऊन उभी राहिली. मग तिला आठवलं की कोणासाठी कापायचं नाही.

पण ती रोज जातच राहिली. पहिल्या केळीचा पोगा वर चढला, सैल झाला, आणि एका सकाळी त्याची कड सुटली. तिनं त्या ओळीतलं पान उलगडताना कधी पाहिलं नव्हतं. ओळ लावल्यापासून कोणतंच उलगडू दिलं नव्हतं. तिला भीती वाटली. वाऱ्यानं फाटेल, धूळ बसेल. तिनं हात वर केला, पण पान आता तिच्या हातापेक्षा उंच होतं. बन्सीलाल एकदा येऊन सांगून गेला, एक कापणं झालं, पोर तापली होती, आता ताप उतरलाय, दुसरं बाकी आहे. धुरपदाबाईनं त्याला जेवू घातलं आणि त्याच्या ताटाकडं बघत राहिली. चुडामण तेवढे दिवस झोपडीच्या दारातच झोपला. आता कोण आहे आत राखायला, असं तिनं विचारलं तर म्हणाला, सवय आहे.

ती माणसं परतली तेव्हा ओळीत एकही केळ पोग्यासारखी अंग आवळून उभी नव्हती. सगळी पानं पसरलेली, फाटलेली, वाऱ्याशी खेळत होती. प्रमिला वाळलेली, डोळे मोठे झालेले, पण चालत आली. पोटावर शिवणीची रेघ. मूत्राची वाट आत आतड्याकडं वळवली होती. दिवसातून कितीदा तरी परसाकडं धावावं लागायचं, पण आपलं आपण, आपल्याला कळून. रात्री ती अक्काशेजारी झोपली. पहाटे धुरपदाबाईनं तिच्या खालच्या गोधडीवर हात ठेवला, आणि परत ठेवला.

तिचं मन झालं, की पोरीसाठी एक पंगत करायची. मोठी नाही, घरची. यशोदाबाईला बोलावणं धाडलं. ती बन्सीलालच्या गाडीतून आली, पांढऱ्या लुगड्यावर तापीची धूळ. अंगणात पाट मांडले. पत्रावळी नव्हत्या. पितांबर विळा घेऊन पोग्याच्या ओळीत गेला आणि सगळ्यात रुंद, पूर्ण उलगडलेली पानं कापून खांद्यावर घालून आला. प्रमिला मधोमध बसली. एका बाजूला यशोदाबाई, दुसऱ्या बाजूला चुडामण. तो नको नको म्हणत असताना पितांबरनं त्याला दंडाला धरून बसवलं. सुनंदानं वाढलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, पुरणाची पोळी, वर तुपाची धार. पोरीनं पान हातानं चाचपून बघितलं. पान तिला ओळखीचं होतं, फक्त इतकं मोठं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“आबा, तुमचं पान फाटलेलं,” ती चुडामणला म्हणाली. “माझं नही.”

तो हसला आणि त्याला ठसका लागला.

ती पानावरचं सगळं जेवली. आणखी पोळी मागितली. कोणीही उठायची घाई केली नाही. मग हात धुवायला सगळे विहिरीकडं गेले, पोर वाळे वाजवत सगळ्यांच्या पुढं. अंगणात उष्टी पानं आणि धुरपदाबाई राहिली. तिनं पानं गोळा केली, दुमडली, बैलांच्या पाटीत टाकली. मग प्रमिलाच्या पाटापाशी खाली बसली आणि लाकडावर तळहात ठेवला.

पाट उबदार होता. कोरडा होता. तिनं हात तसाच ठेवला, विहिरीवरून हाक येईपर्यंत.